परागंदा

म्हैसूरला पाहुणे आले की त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी चामुंडीचा डोंगर आणि राजवाडा, दुसऱ्या दिवशी श्रीरंगपट्टण. चाळीस वर्षं इथे संसार केल्यावर मी श्रीरंगपट्टणाला किती वेळा गेले याची मोजदाद राहिलेली नाही. कावेरीच्या बेटावरच्या त्या किल्ल्यात, तटाला लागून, जमिनीच्या पातळीखाली एक लांबट कमानदार तळघर आहे. कर्नल बेली याच्या नावाने ते ओळखलं जातं. भिंतीतून भोकं पाडलेले दगड पुढे आलेले आहेत. गाइड त्या दगडांपाशी दोन्ही हात पसरून उभा राहतो आणि कैद्यांना साखळदंडांनी कसं बांधत ते करून दाखवतो. पाहुणे हळहळतात, मग फोटो काढतात.

१७८०च्या सप्टेंबरात कांचीपुरमजवळ पोल्लिलूर इथे हैदर आणि टिपू यांनी कंपनीच्या फौजेची धूळधाण उडवली. विल्यम बेली पकडला गेला आणि १७८२मध्ये कैदेतच वारला. त्याच लढाईत सापडलेला डेव्हिड बेअर्ड हा तरुण कप्तान साडेतीन वर्षं बेड्यांत राहिला आणि १७८४च्या मंगळूरच्या तहानंतर सुटला. पुढे १७९९मध्ये, ४ मे रोजी, श्रीरंगपट्टणावर शेवटचा हल्ला झाला तेव्हा पुढे घुसणाऱ्या तुकड्या याच बेअर्डच्या हाताखाली होत्या. गाइड हे सगळं सांगतो, रंगवून सांगतो.

मी जन्मभर इंग्रजी साहित्य शिकवलं. त्यामुळे त्या तळघरात उभं राहिलं की मला लंडनजवळच्या वूलिचचा नदीकाठ आठवतो. कारण श्रीरंगपट्टणात बेली आणि बेअर्ड बेड्यांत होते, त्याच वर्षांत तिथे इंग्रज सरकारने आपलीच माणसं बेड्या घालून जुन्या गलबतांत कोंडली होती.

या गलबतांना इंग्रजीत हल्क म्हणत. समुद्रावर जायच्या लायकीचं न उरलेलं जहाज घ्यायचं, त्याची शिडं आणि डोलकाठ्या उतरवायच्या आणि उरलेलं धूड नदीत नांगरून ठेवायचं. अमेरिकेतल्या वसाहतींनी बंड केलं आणि गुन्हेगारांना तिकडे पाठवण्याची जुनी वाट बंद पडली. तुरुंग ओसंडू लागले. तेव्हा १७७६मध्ये पार्लमेंटने कायदा करून त्यांना अशा जहाजांत ठेवायला परवानगी दिली. सोय दोन वर्षांपुरती होती; ती १८५७पर्यंत चालली. पहिलं काम मिळालं डंकन कॅम्पबेल या कंत्राटदाराला. आधी तोच कैदी भरून अमेरिकेला नेत असे. त्याच्या एका जहाजाचं नाव होतं ‘जस्टिशिया’, म्हणजे न्यायदेवता. कैदी दिवसा नदीचा गाळ उपसत आणि रात्री जहाजाच्या पोटात, हवा खेळत नाही अशा जागी झोपत. १७७६च्या ऑगस्टपासून १७७८च्या मार्चपर्यंत तिथे ६३२ कैदी आणले गेले, त्यांतले १७६ मेले. बहुतेकांचे गुन्हे चोरीचे होते.

बेलीचं स्मारक आजही उभं आहे. गंजामला, जिथे हैदर आणि टिपू यांचा गुंबज आहे, त्याच्या जवळच ते त्याच्या पुतण्याने १८१६मध्ये बांधलं. वूलिचच्या मेलेल्यांना काठावरच्या दलदलीतच पुरलं. त्यांच्यावर दगड नाही.

श्रीरंगपट्टणच्या कैद्यांच्या हकिकती इंग्लंडात आवडीने वाचल्या जात. त्यांतली जेम्स स्करी याची हकिकत मला विशेष वाटते. हा जहाजावरचा पोरगा. फ्रेंचांनी त्याचं जहाज पकडलं आणि १७८२मध्ये इतर शेकडो इंग्रज कैद्यांबरोबर त्याला हैदरच्या हवाली केलं. त्याची सुंता झाली, त्याला टिपूच्या चेल्यांच्या पलटणीत घातलं आणि जवळपास दहा वर्षांनी तो निसटला. त्याची कहाणी १८२४मध्ये पुस्तकरूपाने आली. परत आला तेव्हा त्याला काट्याचमच्याने जेवता येईना, खुर्चीवर बसणं अवघड जाई आणि स्वतःची भाषाही धड जिभेवर येईना. वाचकांचं काळीज हलण्यासारखीच गोष्ट आहे ती, माझंही हललं. पण हेच वाचक वूलिचला नदीकाठी उभे राहून बेड्यांतले मजूर बघत. गाळ उपसणारे कैदी ही लंडनकरांची एक करमणूक होऊन बसली होती. कैदी शत्रूचा असला की आपण जेलरकडे बोट दाखवतो, आपला असला की कैद्याकडे.

हे बोट किती चटकन फिरतं, याचं एक उदाहरण अमेरिकेत सापडतं, आणि त्यात म्हैसूरही आहे. न्यू यॉर्कच्या बंदरात इंग्रजांनी अमेरिकन युद्धकैद्यांना अशाच जहाजांत कोंडलं होतं. त्यांतलं ‘जर्सी’ हे जहाज सर्वांत बदनाम. त्या बंदरातल्या जहाजांवर काही हजार माणसं रोगराईने आणि उपासमारीने मेली, आणि त्यांच्या हाडांवर ब्रुकलिनमध्ये १९०८मध्ये उंच स्तंभ उभारला गेला. फिलिप फ्रेनो हा कवी १७८०मध्ये ‘स्कॉर्पियन’ या जहाजावर कैदी होता. सुटल्यावर त्याने इंग्रजांच्या तुरुंगजहाजावर जळजळीत दीर्घ कविता लिहिली. दोन वर्षांनी, १७८२च्या एप्रिलमध्ये, पेनसिल्व्हेनियाच्या एका जहाजाने ‘जनरल मंक’ या इंग्रज जहाजाचा पाडाव केला आणि फ्रेनोने त्या विजयाचंही गाणं रचलं. विजयी जहाजाचं नाव होतं ‘हायडर अली’. म्हणजे ज्या हैदरच्या कैदखान्याच्या नावाने इंग्लंड दात खात होतं, त्याचंच नाव इंग्रजांच्या कैदेतून आलेल्या कवीला गाण्याजोगं वाटलं. वर्गात हे सांगितलं की माझी म्हैसूरची मुलं टाळ्या वाजवत. मग मी विचारत असे, ‘हैदरच्या तळघरातल्या पोरासाठी फ्रेनोने गाणं लिहिलं असतं का?’ टाळ्या थांबत.

या सगळ्यानंतर ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ शिकवायला घेतली की ती कादंबरी वेगळी दिसते. डिकन्सचं बालपण काही वर्षं चॅटमला गेलं. तिथल्या मेडवे नदीवर ही जहाजं उभी असत. बारा वर्षांचा असताना, १८२४मध्ये, त्याचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले आणि त्याला बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला जावं लागलं. हे दुसरं त्याने जन्मभर लपवलं. घरच्यांनाही ते बहुतेक त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या चरित्रातून कळलं. कादंबरी १८६०च्या डिसेंबरपासून त्याच्या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली, तेव्हा इंग्लंडातली ही जहाजं बंद होऊन तीन वर्षं झाली होती. म्हणजे जाचाविरुद्ध आवाज उठवायचा काळ उलटून गेला होता. डिकन्सला दुसरंच काही विचारायचं होतं.

पिप हा लहान मुलगा दलदलीत पळून आलेल्या मॅग्विच या कैद्याला घाबरून खायला आणून देतो. कैदी ते कुत्र्यासारखं खातो. पुढे तो पकडला जातो, ऑस्ट्रेलियाला पाठवला जातो, तिथे मेंढ्या पाळून पैसा करतो आणि त्या पोराला, आपलं नाव कळू न देता, साहेब बनवतो. पिपला वाटत राहतं की हे पैसे एका श्रीमंत बाईचे आहेत. एका वादळी रात्री म्हातारा कैदी समोर येऊन उभा राहतो तेव्हा पिपला शिसारी येते.

इथे वर्ग दरवर्षी दोन तट करी. एकदा मंड्याकडच्या उसाच्या गावातून आलेली एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, सगळ्या पुस्तकात दिलेला शब्द पाळणारा हा एकटाच आहे. मग शिसारी कशाची?’ दुसरा म्हणाला, ‘पैशाची. चोराचा पैसा.’ ती म्हणाली, ‘हा तर चोरीचा नाही, मेंढ्यांचा आहे.’ यापेक्षा चांगली समीक्षा मी क्वचित वाचली. मॅग्विच आणि त्याचा साथीदार कॉम्पेसन यांच्यावर एकच खटला चालतो. कॉम्पेसन शिकलेला, चांगल्या कपड्यांतला. त्याला ७ वर्षं होतात, मॅग्विचला १४. न्यायाधीश जे करतो तेच पिप पुढे करतो. पैसा चालतो, माणूस नको.

आता समुद्राच्या या बाजूला यायला हवं, कारण जहाजं तिकडूनच निघत होती असं नाही. कंपनी सरकार हिंदुस्थानातल्या कैद्यांनाही जहाजांत भरून बेंकूलन, पिनांग, सिंगापूर, मॉरिशसला धाडत होतं. आपल्याकडे त्याला काळे पाणी म्हणायचे. म्हैसूरच्या मुलांकडून मी त्याला करिनीर हा शब्द ऐकला, अर्थ तोच. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल हिंदी कैद्यांच्या हातचं आहे. उलट दिशेनेही माणसं आली. मलाक्का-सिंगापूरकडचे चिनी आणि मलायी कैदी महाबळेश्वरला आणले गेले होते. त्यांच्यासाठी तिथे तुरुंग होता, तो १८६४मध्ये बंद झाला. महाबळेश्वरी बटाटे-भाजीपाला पिकवण्यात त्यांचा मोठा हात होता. आपण ‘चायनामन’ धबधब्यापाशी कणसं खातो तेव्हा तो चायनामन कोण हे विचारत नाही. त्याचं काळं पाणी आपलं थंड हवेचं ठिकाण होतं.

चार्ल्स डार्विन १८३६मध्ये ऑस्ट्रेलियाहून निघून मॉरिशसला पोचला, तेव्हा त्याने पोर्ट लुईच्या रस्त्यांवर काम करणारे हिंदी कैदी पाहिले. त्यांच्या तेजस्वी चेहऱ्यांनी, पांढऱ्या दाढ्यांनी, स्वच्छतेने आणि धर्माचरणाने तो थक्क झाला. न्यू साउथ वेल्समध्ये पाहिलेल्या आपल्या देशी कैद्यांकडे ज्या नजरेने बघितलं त्या नजरेने यांच्याकडे बघणं शक्य नाही, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. मी हा उतारा पहिल्यांदा वाचला तेव्हा सुखावले. आमच्या माणसांचं कौतुक! मग लक्षात आलं की यातही बोट फिरलंच आहे. डार्विनला परक्यांचे कैदी माणसांसारखे दिसले आणि घरचे दिसले नाहीत. दूरचा कैदी डौलदार दिसतो. जवळच्याची आपल्याला लाज वाटते.

जवळच्याविषयीच मला बोलायचं आहे.

आमचं माहेरचं घराणं बेळगावकडचं. माझ्या लहानपणी घराण्याचा कुलवृत्तांत निघाला होता, जाड पुठ्ठ्याचा. मूळ पुरुषापासूनची वंशावळ आणि मग एकेकाची माहिती: इनाम, नोकरी, गोत्रं, सोयरिकी. त्यात माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावाची एक ओळ आहे. नाव, आणि पुढे एकच शब्द: परागंदा.

तो परागंदा झाला नव्हता. शेताच्या बांधावरून भांडण झालं आणि त्याने शेजारच्या माणसाच्या डोक्यात पहार घातली. माणूस मेला. बेळगावला खटला होऊन जन्मठेप झाली आणि त्याला अंदमानला पाठवलं. ही गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या आधीची. घरात त्याच्याविषयी बोलायची बंदी होती, पण माझी आजी दुपारी तांदूळ निवडताना थोडंथोडं सांगे. ती त्याला ‘धाकटे मामंजी’ म्हणे. तिने त्यांना पाहिलं नव्हतं. तिच्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी अंदमानाहून दोन मनिऑर्डरी आल्या होत्या. दहाएक वर्षं नीट वागलेल्या कैद्याला तिथे तिकीट मिळे, म्हणजे बराकीबाहेर राहून जमीन कसून पोट भरायची परवानगी. मामंजींना ते मिळालं असणार. पहिली मनिऑर्डर आली तेव्हा पणजोबांनी पैसे घेतले, पोचपावतीवर सही केली आणि अंगणात जाऊन आंघोळ केली. आजी हे सांगताना नेहमी हसायची. ‘आंघोळ पैशाला नव्हती गं,’ म्हणायची, ‘पैसे तर ओवळे नव्हतेच. त्यातनं तर भाऊंची मॅट्रिकची फी भरली.’

भाऊ म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. पुढे ते मामलेदार झाले. कुलवृत्तांतात सर्वांत मोठी नोंद त्यांची आहे, फोटोसकट पूर्ण दोन पानं.

गेल्या वर्षी कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचं ठरलं. काम दादाने अंगावर घेतलं आहे. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, भाऊंचा नातू. दक्षिणेकडच्या घरांची माहिती गोळा करायचं त्याने माझ्याकडे दिलं. मी फोनवर म्हटलं, ‘दादा, त्या परागंदाची नोंदही नीट करू या. ते अंदमानला होते.’

दादा एकदम उत्साहाने म्हणाला, ‘अगं काय सांगतेस! सावरकरांच्या वेळचे? राजकीय होते का?’

‘नाही. खुनाबद्दल.’

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, ‘मग राहू दे ना. परागंदा हा शब्द काय वाईट आहे?’

दादा वाईट माणूस नाही. त्याच्यासारखं आपण सगळेच आहोत. सावरकर १९११मध्ये मद्रासहून ‘महाराजा’ या बोटीने अंदमानला गेले, ते इतर जन्मठेपीच्या कैद्यांबरोबर. ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्या मराठी माणसाला ती बोट, ती गर्दी, तो कोंदटपणा आठवतो. त्या गर्दीत माझ्या पणजोबांच्या भावासारखी माणसं होती. १८५८मध्ये वसाहत सुरू झाली तेव्हापासून तिथे गेलेल्या हजारोंपैकी राजकीय कैदी त्या मानाने मूठभर. सेल्युलर जेलच्या कोठड्या १८९६ ते १९०६ या काळात कैद्यांनीच बांधल्या. आज तिथे राजबंद्यांची नावं संगमरवरावर कोरली आहेत, आणि ती तिथे असायलाच हवीत. पण विटा रचणाऱ्यांचं नाव कुठे नाही. आपण जेलला तीर्थ म्हणतो ते आतल्या निरपराध माणसांमुळे. अपराधी माणसाचं काय करायचं हा प्रश्न त्यामुळे आपल्याला कधी पडलाच नाही. फ्रेनो निरपराध होता, बेअर्ड सैनिक होता, स्करी तर पोरच होतं. त्यांच्याबद्दल कळवळा वाटणं सोपं आहे. डिकन्सने अवघड माणूस निवडला. मॅग्विचने गुन्हे केलेले आहेत आणि तरी त्याचा हात हातात धरून बसता येतं का, हे त्याने पिपला शेवटी विचारलं. पिप बसतो.

ऑस्ट्रेलियात १७८८ ते १८६८ या काळात सुमारे १,६२,००० कैदी उतरवले गेले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी कितीतरी वर्षं तो डाग झाकला: नावं बदलली, कागद दडवले, आजोबा आपखुशीने आले होते असं सांगितलं. गेल्या पन्नास-साठ वर्षांत वारं फिरलं. आता तिथे पूर्वजांत एखादा कैदी सापडला तर लोक मित्रांना जेवायला बोलावून सांगतात. मला तसं मिरवायचं नाही. बांध कोरला म्हणून माणूस मारणं यात मिरवण्यासारखं काही नाही. आणि बांधापलीकडेही एक घर होतं. त्या घरातल्या बाईचं पुढे काय झालं, हे आजीलाही ठाऊक नव्हतं. मिरवायला लागलो की पहिल्यांदा तीच बाई पुसली जाते, आणि लपवायला लागलो तरी तीच.

म्हणून मी दादाला पत्र लिहिलं. फोनवर हे जमलं नसतं. लिहिलं की परागंदा म्हणजे घर सोडून निघून गेलेला. हे निघून गेले नव्हते, यांना नेलं होतं. त्यांनी घर सोडलं नव्हतं, घराने त्यांना सोडलं. आणि सोडल्यावरही पैसे घेतले. ते घ्यायला हरकत नव्हती, पण मग नोंदीत दोन्ही यायला हवं, खूनही आणि मनिऑर्डरीही. भाऊंच्या दोन पानांतलं काहीही त्यामुळे कमी होत नाही.

दादाचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. त्याने लिहिलं होतं की समितीतल्या दोघांना हे पटलेलं नाही, लग्नाच्या मुली आहेत घराण्यात, लोक वाचतात. पण त्याने आपल्या घरातल्या जुन्या ट्रंकेतले भाऊंचे कागद काढून पाहिले होते. मनिऑर्डरीचं काही सापडलं नाही. भाऊंच्या एका वहीत मात्र पहिल्या पानावर, देवाच्या नावाखाली, आईवडिलांची आणि त्याखाली धाकट्या काकांची अशी नावं होती, आणि त्यांच्यापुढे नमस्कार लिहिला होता. ‘हे मला माहीत नव्हतं,’ दादाने लिहिलं होतं. ‘तुझा मजकूर पाठव. किती ओळी होतील?’

मी पाच ओळी पाठवल्या. नाव, गाव, काय केलं, कुठे नेलं, काय पाठवलं. मेलेल्या माणसाचं नाव आजीला आठवत नसे, म्हणून बेळगावला जुन्या कोर्टाच्या कागदांची चौकशी करायला दादालाच सांगितलं आहे. ते मिळालं तर सहावी ओळ होईल.